सरगुंड्यांचा पास्ता

जालना जिल्ह्यात समुद्र आहे असं छातीठोकपणे सांगणारे एकच गृहस्थ मला माहीत आहेत, आणि ते माझ्या आत्याचे यजमान आहेत. नकाशा काढून दाखवला तरी त्यांच्यात काही फरक पडत नाही. “नकाशा काढनाऱ्यानं आपल्या मागच्या पत्र्याखाली येऊन वास घेतल्ता का?” असं ते विचारतात, आणि मग नकाशा गुंडाळून ठेवावा लागतो. कारण जुन्या जालन्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरामागे, पत्र्याच्या शेडखाली, रविवारी संध्याकाळी जो वास सुटतो तो खरोखरच जिल्ह्याच्या हद्दीबाहेरचा असतो. आधी लसूण, मग तेलात पडलेली लाल मिरची, आणि मग झिंगे. त्या वासानं गल्लीतली मांजरं भिंतीवर ओळीनं येऊन बसतात. हे गृहस्थ त्यांना “बसा बसा, पंगत लागायची हाये अजून” असं म्हणतात, आणि मला वाटतं मांजरांनाही ते खरं वाटतं.

आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामा म्हणतात. मी हसनाबादजवळच्या एका वस्तीवरून बारावीनंतर कॉलेजसाठी जालन्याला आले ती त्यांच्याच घरी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे मामांनी मला पहिल्या दिवसापासून ‘कलेक्टर’ म्हणायला सुरुवात केली. “कलेक्टर, चहा पिता का?” “कलेक्टर, उठा, नळ आला.” हे लिहायचं ठरवलं तेव्हा मामांच्या गमतीच लिहायच्या असं माझ्या मनात होतं. पण लिहिताना मध्येच एक गोष्ट आडवी येते. ती वगळून दोनदा लिहून पाहिलं, जमलं नाही. म्हणून तीही लिहिते. आधी गमती लिहिते, कारण त्या लिहिणं सोपं आहे.

मामा बियाण्याच्या एका गोदामात पोती रचून घेण्याच्या कामावर आहेत. पण कुणी विचारलं तर ते स्वतःला आचारी म्हणवतात. तरुणपणी मोसंबीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून ते गोव्याला गेले, ट्रक रिकामा होऊन परत निघाला, आणि मामा तिथंच राहिले. समुद्रकाठच्या एका हॉटेलात चार वर्षं होते. पहिली तीन वर्षं त्यांनी भांडी घासली, असं आत्या सांगते. चौथ्या वर्षी आपण मुख्य आचाऱ्याच्या उजव्या हाताला उभे होतो, असं मामा सांगतात. दोन्ही खरं असावं, कारण भांडी घासायची मोरी उजव्या हातालाच असू शकते. तिथून येताना त्यांनी जाड बुडाचा एक काळा पॅन आणला आणि ‘येस शेफ’ म्हणायची सवय आणली. आत्यानं दूध आणायला सांगितलं, येस शेफ. घरमालकांनी मोटर बंद करा म्हटलं, येस शेफ. माझ्या वडिलांनी एकदा गावाकडून फोन करून “दाजी, पोरीकडं लक्ष ठेवा” असं म्हटलं, तेव्हाही मामा ताठ उभे राहून “येस शेफ!” म्हणाले, आणि बाबा पलीकडून कितीतरी वेळ “कोन बोलून राह्यलं? दाजीला द्या” असं विचारत राहिले.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे वीस मिनिटं. जगातला कोणताही चांगला स्वयंपाक वीस मिनिटांत होतो, जास्त वेळ लागला तर रांधणारा गप्पा मारत होता असं समजावं, असं त्यांचं ठाम मत आहे. आत्याच्या पुरणपोळ्या तीन तास चालतात. त्या तीन तासांत मामा दर वीस मिनिटांनी दारात येऊन मनगटावरचं घड्याळ दाखवून जातात, आणि दर वेळी आत्या त्यांना लाटणं दाखवते. त्यांचा स्वतःचा झिंग्यांचा पास्ता मात्र खरंच वीस मिनिटांत होतो. त्याआधी दोन तास लसूण सोलणं, झिंगे साफ करणं, पॅन तापवून पाहणं आणि शेजारच्यांना जरा बाजूला सरकायला सांगणं चाललेलं असतं, पण ते मामा हिशेबात धरत नाहीत. “ती तयारी हाये, स्वयंपाक न्हाई,” असं म्हणून ते घड्याळ लावतात, आणि मग शेडखाली जे सुरू होतं त्याला लढाई म्हणणंच बरं. गोव्यात म्हणे पॅनमधला पास्ता हवेत उडवून झेलायचे. तिथं वर छत उंच असेल. इथं पत्रा खाली आहे आणि शेजारी कपडे वाळत घालायची तार आहे. एकदा अर्धा पास्ता तार ओलांडून घरमालकांच्या धोतरावर पडला. मामांनी तो परत पॅनमध्ये घेतला नाही, आणि ही आपली गोव्याची शिस्त आहे असं त्यांनी घरमालकांनाच समजावून सांगितलं.

आत्या माळकरी आहे. तिच्या स्वयंपाकघरात अंड्याचं नावसुद्धा कुणी मोठ्यानं घेत नाही. म्हणून मामांचा गॅस, भांडी, चमचे, एवढंच काय मिठाची बरणीसुद्धा मागच्या शेडखाली वेगळी असते, आणि जेवण झाल्यावर हातपाय धुऊन, चूळ भरून, आत्याच्या नजरेखालून तपासून घेतल्याशिवाय त्यांना घरात प्रवेश नसतो. गोव्यात पास्त्यात म्हणे पांढरी दारू घालायचे. आत्याच्या अंगणात ते शक्यच नव्हतं, म्हणून मामा मोसंबी पिळतात. आठवडी बाजारात वाळलेले झिंगे घेऊन एक म्हातारी बसते, तिच्याकडून ते झिंगे आणतात. राहिला पास्ता. तो विकत आणणं मामांना कमीपणाचं वाटतं, कारण त्यांच्या मते पास्ता ही आपल्या सरगुंड्यांची नक्कल आहे.

सरगुंडे आमच्याकडे घरोघर होतात. गव्हाच्या पिठाची बारीक वळी काडीभोवती गुंडाळायची, अलगद सोडवायची आणि उन्हात वाळवायची. आतून पोकळ, बाहेरून वेटोळं. जावई आले, व्याही आले की ते उकडून आमरसाबरोबर वाढतात. आत्या उन्हाळ्यात ते डबाभर करते आणि जावयासाठी फडक्यात बांधून वर ठेवते. वाळवताना जे मोडतात, तेवढे ती एका वाटीत घालून शेडच्या उंबऱ्यावर ठेवते आणि तोंड फिरवून म्हणते, “घ्या. मला सांगू नका काय केलं ते.” मोडक्या सरगुंड्यांचा आणि वाळल्या झिंग्यांचा तो पास्ता मी पहिल्यांदा खाल्ला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीमुळे आलं, पण मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मामा त्या दिवशी गल्लीभर सांगत फिरले की कलेक्टरला समुद्र मानवला.

आता ती गोष्ट.

कॉलेजात दुसऱ्या वर्षी माझी सायलीशी मैत्री झाली. ती डॉक्टरांची मुलगी. तिच्या स्कूटीवर मागे बसलं की मला जालन्याचे रस्ते रुंद झाल्यासारखे वाटायचे. माझ्या बोलण्यात ‘न्हाई’, ‘मंग’ यायचं, ते मी तिच्यासमोर फार जपून गाळायचे, आणि त्यामुळे माझं निम्मं बोलणंच गळून जायचं. एकदा ती आणि तिची मैत्रीण मृण्मयी मला एका कॅफेत घेऊन गेल्या. पास्ता मागवला. मृण्मयीनं सहज विचारलं, “तू खाल्लायस का गं कधी?” तिनं टोमणा मारला नव्हता. पण मला तो लागला. मी म्हटलं, “आमच्याकडे दर रविवारी असतो. सी-फूड पास्ता.” दोघींचे काटे हवेतच थांबले. “काय सांगतेस! मग बोलव ना आम्हाला!” असं सायली म्हणाली, आणि मी हो म्हणून बसले.

घरी येऊन मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली. मग म्हणाले, “डॉक्टरसाहेबाची पोरगी? आपल्या इथं? माझ्या हातचं खायला?” त्यानंतरचे चार दिवस त्यांनी मला झोपू दिलं नाही. ताटं कोणती, पाणी कशात, लिंबू गोल चिरायचं का उभं. वाळले झिंगे पाहुण्यांना चालणार नाहीत म्हणून ते स्वतः संभाजीनगरला गेले आणि बर्फातले ताजे झिंगे थर्माकोलच्या खोक्यात घालून बसनं आणले. बदनापूर येईपर्यंत बर्फाचं पाणी सुटलं होतं. कंडक्टर म्हणाला, “काका, खोकं टपावर टाका न्हाईतर तुम्ही बी टपावर चढा.” मामा म्हणाले, “पाव्हण्यांसाठी चाललंय साहेब, टपावर कसं नेऊ?” आणि सगळा रस्ता खोकं मांडीवर घेऊन दारातल्या पायरीवर बसून आले. हे त्यांनी मला इतक्या आनंदानं सांगितलं की मीही हसले. मनात मात्र मी एवढंच म्हणत होते, की त्या बसमध्ये आमच्या कॉलेजचं कुणी नसलं म्हणजे बरं.

मी त्यांना एकच सांगितलं होतं, “मामा, सरगुंडे नको. पाकिटाचाच पास्ता करा.”

“काहून?”

“त्यांना सवय नसते.”

“बराबर हाये,” मामा म्हणाले. पाकीट हातात घेऊन त्यांनी ते कानाजवळ हलवून पाहिलं, वास घेतला, आणि शेडखाली नेऊन ठेवलं.

त्या दिवशी आत्या वाटूरला लेकीकडे गेली होती. संध्याकाळी सात वाजता दोघींच्या ऐवजी तिघी आल्या. सायलीची पुण्याची मावसबहीण सुटीला आली होती, तिलाही आणलं होतं. मी त्यांना पुढच्या खोलीत सतरंजीवर बसवलं. मागून पॅनचा आवाज येत होता. बरोबर वीस मिनिटांनी मामा आत आले. त्यांनी गोव्याचा पांढरा कोट घातला होता. तो मी आधी कधीच पाहिला नव्हता. एवढी वर्षं ट्रंकेत राहून त्याला घड्यांच्या जागी पिवळे पट्टे पडले होते, आणि पोटावरचं बटण लागत नव्हतं म्हणून तिथं सेफ्टी पिन होती. खांद्यावर धुतलेला नॅपकिन. केसांना तेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मला आजही जशाच्या तसा दिसतो. शाळेत कविता पाठ म्हणून दाखवल्यावर मूल बाईंकडे पाहतं, तसं ते पाहत होते.

त्यांनी वाढलं. एक पाकीट चौघींना पुरणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण पाकिटातल्या पास्त्यात सरगुंडे होते. मोडके नव्हते, अख्खे होते. आत्याच्या वरच्या डब्यातले, जावयाचे. पुण्याच्या त्या मुलीनं एक वेटोळं काट्यावर उचलून पाहिलं, खाल्लं, आणि म्हणाली, “अगं, हे काय आहे? हा कुठला पास्ता? मी पुण्यातसुद्धा नाही पाहिला असा.”

मला वाटलं ती हसते आहे. ती हसत नव्हती, हे मला नंतर कळलं. मामा पुढे झाले. “त्येचं काय हाये माय, हे आमच्या घरी काडीवर—”

“बाहेरून मागवतो आम्ही,” मी मध्येच म्हटलं.

मामा थांबले. त्या मुलीनं त्यांच्याकडे, त्यांच्या कोटाकडे पाहिलं आणि मला विचारलं, “आणि हे काका?”

“हे आमच्याकडे स्वयंपाकाला येतात,” मी म्हटलं.

असं काही म्हणायचं मी आधी ठरवलं नव्हतं, हे मला सांगायचं आहे. पण त्यानं काय होतं? चार शब्दांचं वाक्य होतं, आणि ते न अडखळता आलं. एरवी मैत्रिणींसमोर माझं एकही वाक्य असं सरळ येत नसे. मामांच्या हातातला चमचा पॅनच्या कडेला लागून एकदा वाजला. मग ते थोडे वाकले, आणि मला म्हणाले, “आजून वाढू का, ताई?”

ताई. मला कलेक्टर म्हणणारा माणूस मला ताई म्हणाला, आणि इतकं सहज की सायलीला काही वाटायचं कारणच नव्हतं. पुढचा अर्धा तास मामांनी ते काम असं केलं की चार वर्षांत हॉटेलातही केलं नसेल. ग्लास अर्धा झाला की भरायचे. ताट सरकवायचे. “काका, मस्तच झालंय हं,” असं मृण्मयी म्हणाली तेव्हा “ताईंनी सांगितलं तसं केलं” असं म्हणाले. एकदाही येस शेफ म्हणाले नाहीत. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. मी खाली मान घालून जेवत राहिले. उठून “हे माझे मामा आहेत” म्हणायला तितकेच चार शब्द लागले असते. मी ते मनात मोजत होते, आणि प्रत्येक घासाबरोबर गिळत होते.

मैत्रिणी गेल्यावर मी मागे गेले. मामा कोट काढून, बनियनवर, पॅन घासत बसले होते. मी विचारलं, “जेवलात का?”

“जेवलो की,” ते म्हणाले. पॅनमध्ये काहीच उरलं नव्हतं, हे मी वाढताना पाहिलं होतं. मग त्यांनी विचारलं, “खूश झाल्या का पोरी?”

“हो.”

“मंग झालं तर.”

दोन दिवसांनी आत्या जावयाला घेऊन आली आणि वरचा डबा उघडला. त्यानंतर तिनं जे केलं ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. “जावयाच्या ताटातलं नेऊन झिंग्यात बुडवलं! माझ्या चार दुपारी गेल्या त्याच्यात! जीभ हाये का नाला हाये तुमचा?” मामा दारात उभे होते. माझ्या मैत्रिणींसाठी वापरले, एवढं सांगितलं असतं तर आत्या निवळली असती, कारण पाहुण्यांपुढे ती सगळं माफ करते. पण मग पाहुण्यांचं सगळंच बोलणं निघालं असतं. मामा म्हणाले, “मोह झाला गं. एकट्यानं खाल्ले.” मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. तेव्हाही मी उठले नाही.

इथं संपलं असतं तरी बरं झालं असतं. महिन्याभरानं सायलीनं मला कॉलेजात गाठलं. तिच्या आईला घरी दहा-बारा जणांना जेवायला बोलवायचं होतं. “तुमच्याकडचे ते काका येतील का गं? तोच पास्ता करायचाय.” मी नाही म्हणू शकत होते. खरं सांगू शकत होते. मी म्हटलं, “विचारते.” आणि घरी येऊन, मामांच्या पायांकडे बघत, विचारलं. मामा म्हणाले, “तुझ्या मैत्रिनीचं घर हाये. जायला पाह्यजे.” पांढरा कोट इस्त्री करून पिशवीत घालून ते गेले.

दुसऱ्या दिवशी सायली भेटली ती त्यांचं कौतुक करतच. तिची आई खूश होती, पाहुणे खूश होते. आईनं मामांना विचारलं होतं, तुम्ही त्या मुलीच्या घरी किती वर्षं आहात? “तर म्हणाले, लई वर्षं झाली बाई,” सायली त्यांची नक्कल करत हसून सांगत होती, “फार चांगली माणसं हायेत. मला घरातलंच समजतात.”

मी तिथंच, जिन्याच्या पायरीवर बसले. सायली घाबरली. मी तिला सगळं सांगितलं. सांगताना माझं ‘न्हाई’ आणि ‘मंग’ सगळं आलं, मला गाळायला सुचलंच नाही. तिनं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाली, “अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस? आम्हाला काय वाटलं असतं?” त्यांना काही वाटलं असतं असं नाही. मला वाटत होतं.

सायलीला सांगणं सोपं होतं, असं आता लक्षात येतं. मामांना सांगायचं राहून गेलं. आता मी एम.ए.साठी संभाजीनगरला होस्टेलवर असते. महिन्यातून एखादा रविवार जालन्याला जाते. मामांचे गुडघे दुखतात, पॅन त्यांना एका हातानं उचलत नाही, तरी हवेत उडवायचा हट्ट आहेच. मागच्या खेपेला आम्ही दोघं शेडखाली लसूण सोलत बसलो होतो. आत्या आत होती. मी बसमध्ये मनात घोळवून आणलेलं वाक्य कसंबसं बाहेर काढलं. “मामा, त्या दिवशी मी चुकले. मैत्रिणी आल्त्या तेव्हा.”

मामांनी वर पाहिलं नाही. हातातली पाकळी सोलून झाल्यावर म्हणाले, “तू कशाची चुकतीस कलेक्टर? चूक माझी झाली. झिंगे जरा जास्त वेळ राह्यले आचेवर. रबरावानी झाल्ते. मला चमच्यालाच कळल्तं. पन तू पाव्हण्यांसमोर काही बोलली न्हाईस, मान खाली घालून सगळं खाल्लंस. मी तव्हाच म्हनलं, पोरीचं मन मोठं हाये.”

आणि त्यांनी सोललेला लसूण माझ्या वाटीत टाकला.

त्यांना खरंच असं वाटत होतं, का मला सोडवायला त्यांनी हे शोधून ठेवलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही. मी मान हलवली. झिंगे त्या दिवशी अगदी बरोबर शिजले होते. निदान एवढं तरी मी त्यांना सांगायला हवं होतं.